खडक एकच, राज्यं दोन

सॉइल मेकॅनिक्सच्या व्हायवाला पर्मिएबिलिटीची व्याख्या आपण धाडधाड म्हणून टाकतो. सरांनी पुढे "बरं, उपयोग काय?" असं विचारलं की मात्र सगळे छताकडे बघतात. त्या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेत जमिनीखाली दीड-दोन किलोमीटरवर आहे.

न्यूयॉर्क आणि पेनसिल्वेनिया या शेजारी राज्यांखाली मार्सेलस नावाचा शेल खडक पसरलेला आहे. त्यात नैसर्गिक वायू भरपूर आहे, पण खडकाची पर्मिएबिलिटी जवळजवळ शून्य, त्यामुळे तो वाहत नाही. मग उभं बोअर खाली नेऊन आडवं वळवायचं आणि प्रचंड दाबाने पाणी, वाळू व थोडी रसायनं आत घुसवायची. खडकाला भेगा पडतात, वाळू त्या मिटू देत नाही आणि वायू सुटतो. हेच हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग, बोलीभाषेत फ्रॅकिंग. एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे १० हजार लिटरचे किमान दीड हजार टँकर! (होस्टेलला दोन आले तरी आपण आनंदाने नाचतो.)

पेनसिल्वेनियाने परवानगी दिली. न्यूयॉर्कने २००८ पासून परवाने रोखून धरले, डिसेंबर २०१४ मध्ये बंदी जाहीर केली आणि २०२० मध्ये तिचा कायदा केला. त्याआधी २०१२ मध्ये व्हरमाँटने देशातली पहिली राज्यबंदी आणली होती, पण तिथे काढण्यासारखा वायूच फारसा नाही. उपास करायला त्यांचं काय गेलं? न्यूयॉर्कचं ताट मात्र भरलेलं होतं.

हा निर्णय राज्याकडे का आला? २००५ च्या केंद्रीय ऊर्जा कायद्याने फ्रॅकिंगला (डिझेल वापरलं नसेल तर) पिण्याच्या पाण्याच्या कायद्यातून वगळलं. केंद्राने अंग काढून घेतल्यावर राज्यालाच बघणं भाग होतं.

आता इंजिनिअरिंगचा मुद्दा. भेगा थेट भूजलापर्यंत पोचतील ही भीती बऱ्याच जणांना असते, पण मधे किलोमीटरभर खडक असतो, तेव्हा तो धोका कमी. खरी कमजोर जागा वरच्या बाजूला, केसिंगभोवतीच्या सिमेंटमध्ये. सिमेंट नीट बसलं नाही की वायू बाहेरून वर चढतो. पेनसिल्वेनियातल्या डिमॉक गावात घरगुती विहिरींच्या पाण्यात मिथेन आला, तेव्हा २००९ मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने कंपनीच्या सदोष गॅसविहिरींना जबाबदार धरलं. शिवाय विहिरीतून परत येणारं खारट पाणी टाकायचं कुठे, हे वेगळंच दुखणं.

न्यूयॉर्क शहराला मिळणारं बहुतेक पाणी डोंगरातून येतं आणि फिल्टर न करता पुरवलं जातं. म्हणून २०११ च्या मसुद्यात ते पाणलोट क्षेत्र वगळायचं ठरलं होतं. मग बाकीच्या गावांचं पाणी काय दुय्यम? राज्याच्या आरोग्य खात्याने २०१४ मध्ये सांगितलं की सुरक्षित म्हणण्याइतकी माहितीच नाही. मला हे पटतं, कारण बिघडलेलं भूजल सप्लिमेंटरी देऊन सुटत नाही.

पण दुसरी बाजूही खरी आहे. तिकडे जमिनीखालचं खनिज बहुधा जमीनमालकाचं असतं. (आपल्याकडे तेल-वायूचा विषय केंद्राच्या यादीत आहे.) बिंगहॅम्टनजवळच्या शेतकऱ्याला सीमेपलीकडचा शेजारी रॉयल्टी घेताना दिसतो, आणि याच्या शेताखाली तोच खडक असून हातात काहीच नाही. वर न्यूयॉर्क राज्य पेनसिल्वेनियाचा वायू पाइपलाइनने आणून जाळतंच आहे! त्या शेतकऱ्याला भरपाई द्यायला हवी होती असं मला वाटतं.

गंमत म्हणजे २०२० च्या कायद्यातली व्याख्या पाण्यावर बेतलेली होती: ३ लाख गॅलन, म्हणजे सुमारे ११ लाख लिटर किंवा जास्त. २०२३ मध्ये एका कंपनीने त्याच भागातल्या जमीनमालकांना नवा प्रस्ताव दिला की पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरू. डिसेंबर २०२४ मध्ये राज्याला कायद्यात तेही लिहावं लागलं.