मेघ आणि अलकानगरी

घोडनदीच्या काठी शिरूर आणि भीमेच्या काठी दौंड. पुणे जिल्ह्याचा हा पूर्वभाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथे हिम कधी पडत नाही. आकाशातून बर्फ उतरतो तो वळवाच्या पावसात, गारांच्या रूपाने. अशा प्रदेशातील मुलांना हिमालयातील एखादी अद्भुत नगरी डोळ्यांपुढे आणता येईल काय? अवश्य येईल, कारण तिची वाट महाराष्ट्रातूनच निघते.

महाकवी कालिदासाच्या 'मेघदूत' या काव्यात कर्तव्यात चुकलेल्या एका यक्षाला त्याचा स्वामी कुबेर वर्षभरासाठी दूर धाडतो. यक्ष रामगिरीवर राहतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. आषाढाच्या आरंभी डोंगराला बिलगलेला मेघ पाहून यक्ष त्याच्याच हाती पत्नीला निरोप पाठवितो.

मेघाच्या वाटेवर नर्मदा, विदिशा, उज्जयिनी, कुरुक्षेत्र ही स्थळे लागतात. ती आजही नकाशावर सापडतात. पुढे हिमालयात मात्र नवलाचे जग सुरू होते. तेथे किन्नरी गातात. आठ पायांचे मानलेले शरभ मेघावर झेप घेतात. शेवटी शुभ्र कैलासाच्या मांडीवर यक्षांची अलका दिसते. तेथे सहाही ऋतूंची फुले एकाच वेळी फुलतात, रत्नांचे दीप विझत नाहीत आणि शंकराच्या मस्तकावरील चंद्राने प्रासाद उजळून निघतात.

शरभांना पळविण्यासाठी यक्ष मेघाला कोणता उपाय सांगतो? गारांचा वर्षाव! आपल्या ओळखीची गार अशी त्या अद्भुत जगातही भेटते.

ही गार येते कोठून? कैलासाची उंची ६,६३८ मीटर आहे. वळवाच्या ढगाचे शिखर कधी कधी १२ किलोमीटरच्याही वर जाते. तेथील तपमान शून्याखाली ४० अंशांहूनही कमी असते. म्हणजे वैशाखाच्या उन्हात आपल्या माथ्यावर खरोखरच बर्फाची एक नगरी उभी असते! वर चढणाऱ्या वाऱ्याने तोलून धरलेल्या गारेवर बर्फाचे थरांवर थर चढतात. भार पेलेनासा झाला की ती कोसळते. मोठी गार कापली, तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

पण ही नगरी कठोरही आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत गारपिटीने उभी पिके झोडपून काढली. वर्षभराचे कष्ट घटकाभरात मातीमोल झाले.

मेघ म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा केवळ मेळ, हे कालिदासालाही ठाऊक होते. काव्यात तसे त्याने स्पष्ट म्हटले आहे. तरीही त्याने मेघाला दूत केले. ज्ञानाने कल्पनेची हानी होत नाही. तिला आधार मिळतो. म्हणून मुलांनो, वळवाचा ढग उभा राहिला, तर त्यात अलकानगरी खुशाल पाहा. आणि शेतात काढून ठेवलेला कांदा झाकावयास आईवडिलांबरोबर आधी धावा.

स्वाध्याय
१. मेघाच्या मार्गावरील स्थळे नकाशात दाखवा.
२. गार कशी तयार होते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. 'ज्ञानाने कल्पनेला आधार मिळतो' हे विधान उदाहरणाने स्पष्ट करा.