खिडकीतील अक्षरे

संगणकासाठी आज्ञावली लिहावयास शिकणारा विद्यार्थी पहिल्या दिवशी बहुधा एकच गोष्ट करतो. तो संगणकाकडून एखादे वाक्य उमटवून घेतो. ब्रायन कर्निहन व डेनिस रिची या दोघा संगणकशास्त्रज्ञांनी १९७८ साली 'सी' या संगणकभाषेवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातील पहिला धडाही जगाला अभिवादन करणारे दोन शब्द उमटवण्याचाच आहे. पाटीवर प्रथम श्री काढावा, तशी ही रीतच पडून गेली आहे.

परंतु हाच विद्यार्थी पुढे खिडक्या, बटणे व चौकटी असलेली आज्ञावली रचू लागला, म्हणजे गोंधळात पडतो. उमटवण्याची जुनी आज्ञा तो देतो; खिडकी मात्र कोरीच राहते. मग शब्द गेले कोठे?

हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. पूर्वी अनेक संगणकांना पडद्याऐवजी तारयंत्रासारखे टंकयंत्र जोडलेले असे. ते कागदावर एकीखाली एक ओळ टंकित करी, आणि उमटलेली ओळ कागदावर कायम राही. पुढे कागदाच्या जागी पडदा आला, तरी रीत तीच राहिली. नवी ओळ खाली येते व जुनी वर सरकते. उमटवण्याची आज्ञा शब्द सोडते, ते या प्रवाहात. खिडक्यांचा पडदा निराळ्या कुळातला आहे. १९७३ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावर आडवे ६०६ व उभे ८०८, म्हणजे सुमारे ४ लक्ष ९० हजार ठिपके होते, आणि त्यांतील प्रत्येक ठिपका वेगळा काळा वा पांढरा करता येई. अशा पडद्याला ओळ ठाऊक नसते, अक्षरही ठाऊक नसते. 'अ' काढावयाचा झाला, तरी तो रांगोळीप्रमाणे ठिपक्याठिपक्यांनीच काढावा लागतो. शिवाय खिडकीचा आकार बदलला, की आतील चित्र पुन्हा रेखाटावे लागते. म्हणून येथे शब्द एकदा उमटवून भागत नाही. तो कोणीतरी जपून ठेवला पाहिजे, आणि मागणी होईल तेव्हा पुन्हा काढून दिला पाहिजे.

सुदैवाने हे काम विद्यार्थ्यावर पडत नाही. पायथन भाषेबरोबर बहुधा 'टीकिंटर' नावाचा संच मिळतो. त्याच्या मुळाशी असलेला 'टीके' हा संच जॉन ओस्टरहाउट यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना रचला. त्यात 'लेबल' नावाची एक वस्तू आहे. तिला आपण पाटी म्हणू. पाटीला मजकूर सांगितला, की तो जपण्याचे व वेळोवेळी रेखाटण्याचे काम ती स्वतः करते. मजकूर बदलावयाचा असेल, तर तिच्या 'टेक्स्ट' या गुणाला नवे मूल्य द्यावे. पुष्कळ नवशिके दर वेळी नवी पाटी निर्माण करतात. मग जुन्या पाट्या तशाच राहून खिडकीत गर्दी होते.

आता एक प्रसंग कल्पू या. गावच्या दूध संकलन केंद्रात एका खिडकीवर लिटर व दर भरावयाच्या दोन चौकटी आहेत, एक बटण आहे आणि खाली रक्कम दाखवणारी पाटी आहे. पहिल्या सभासदाचे दूध साडेसहा लिटर भरले. दर ३४ रुपये. बटण दाबताच पाटीवर २२१ हा आकडा आला. दुसऱ्या सभासदाच्या वेळी कारकुनाने घाईत शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' हे अक्षर दाबले. चौकटीतून येतो तो मजकूर. त्याची संख्या केल्यावाचून गुणाकार होत नाही, आणि 'ओ'ची संख्या होणार कशी? आज्ञावली तेथेच अडली. तिने तक्रारही केली. पण ती त्या जुन्या ओळींच्या प्रवाहात, जो केंद्रावर कोणी उघडून बसत नाही. खिडकी मात्र बंद पडली नाही. पाटीवर २२१ तसेच राहिले, आणि दुसऱ्या सभासदाच्या नावे पहिल्याची रक्कम लिहिली गेली!

कागदावर असे झाले नसते. तेथे नवी ओळ आलीच नाही, हे डोळ्यांना दिसले असते. पाटी जुना मजकूर इमानाने जपते, तोच येथे घात करतो. याकरिता बटण दाबताच प्रथम पाटी पुसावी, मग हिशेब करावा, आणि आकडा चुकीचा असल्यास त्याच पाटीवर 'लिटर पुन्हा भरा' असे लिहावे. रकमेबरोबर सभासदाचे नाव व लिटरही दाखवले, तर समोर उभ्या असलेल्या माणसालाही चूक पकडता येते. माझ्या मते हे दुसरे अधिक मोलाचे आहे.

आणखी एक अडचण नेहमी येते. महिनाअखेर सर्व खात्यांचा हिशेब चालू असताना 'इतकी खाती झाली' असे पाटीवर दाखवावयाचे असते. पण पाटी बदलत नाही, आणि शेवटी एकदम अखेरचा आकडा दिसतो. कारण रेखाटण्याचे काम खिडकीच्या मुख्य फेऱ्यात होते, आणि तो फेरा तर हिशेब संपण्याची वाट पाहत थांबलेला असतो. म्हणून हिशेबाचे लहान तुकडे करावेत आणि 'आफ्टर' या आज्ञेने एकेक तुकडा त्या फेऱ्याकडे सोपवावा.

मजकूर मराठी असला, तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. युनिकोड या संकेतपद्धतीत देवनागरीच्या मुख्य तक्त्यात १२८ स्थाने आहेत. 'कि' लिहिताना आधी 'क' व मागून वेलांटी साठवली जाते. ती डावीकडे नेऊन बसवणे हे रेखाटणाऱ्याचे काम. जोडाक्षरात हलन्ताचे चिन्हही वेगळे साठवले जाते. त्यामुळे 'क्षत्रिय' या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसली, तरी पायथन आठ मोजते. पाटी लहान आहे म्हणून नाव पाच चिन्हांवर तोडले, तर 'लक्ष्मण' याचे 'लक्ष्' एवढेच उरते. त्याऐवजी पाटीला 'रॅपलेंग्थ' हा गुण द्यावा. मग ती चिन्हे न मोजता रुंदी मोजते, आणि लांबलचक नावातील न मावणारा शब्द पुढील ओळीवर नेते.