टेंडरमधले ते 4 टक्के नक्की कोणाचे?

नागापूर एमआयडीसीतल्या बॅचमध्ये एका फॅब्रिकेशनवाल्या भाऊंनी विचारलं, "सर, धंद्यात पण कोटा? ज्याचा माल चांगला, त्याला ऑर्डर द्या ना!" शेजारी एक तरुण मान खाली घालून बसला होता. त्याला उद्यमच्या फॉर्ममध्ये प्रवर्ग भरायचीच लाज वाटत होती. आजचा धडा दोघांसाठी.

आधी नियम बघा. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राची मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान 25 टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची. त्याच 25 च्या आत 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. पण भाऊ, ती जागा रिकामी ठेवत नाहीत. त्यांनी टेंडर भरलं नाही किंवा भाव जुळला नाही, तर ते 4 टक्के इतर लघु उद्योगांना जातात. म्हणजे तुम्हालाच!

आणि भावाचं म्हणाल तर फुकट काही नाही. समजा मोठ्या कंपनीचा सर्वात कमी भाव 100 रुपये आणि तुमचा 112. तुम्ही 15 टक्क्यांच्या आत आहात, म्हणून संधी मिळते. पण माल 100 लाच द्यावा लागतो. दर्जाची अट तीच.

मग सवलत कशाला? उत्तर सातबाऱ्यावर आहे. आपल्या गावोगावी महार वतनाच्या जमिनी आहेत. 1958 च्या कायद्याने वतनं गेली, जमिनी परत मिळाल्या, पण नव्या शर्तीने. विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अशी जमीन तारण घ्यायला बँकेचा साहेब कां-कूं करणारच. तुमच्या वडिलांनी वर्ग 1 ची दोन एकर गहाण ठेवून लेथ घेतली असेल, त्याच्या वडिलांना ते जमलंच नसतं. मेहनत दोघांची सारखी, पत सारखी नाही. 2016 च्या स्टँड-अप इंडियात अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांच्या नव्या उद्योगाला 10 लाख ते 1 कोटी कर्ज ठेवलं, ते याचसाठी.

गैरवापर होतो, हे मीही मान्य करतो. 51 टक्के मालकी बायकोच्या नावावर आणि सही करताना वहिनींना मशीनचं नावही माहीत नसतं! तिथे पकड हवीच.

आता गृहपाठ. दोघांनीही उद्यमचं सर्टिफिकेट काढा आणि त्यावर 'ट्रेडिंग' लिहिलंय का बघा. नुसत्या ट्रेडिंगवाल्याला या खरेदीतली कुठलीच सवलत मिळत नाही, मग जात कुठलीही असो.