आवाज येतोय, पण नोंद होतेय का?

की-बोर्डवर बोटं फिरतात, सूर खणखणीत ऐकू येतात, सॉफ्टवेअरमधलं लाल बटण पेटलेलं असतं. आणि गाणं संपल्यावर बघावं तर ट्रॅक कोरा. घरच्या घरी संगीत करणाऱ्या कुणावरही ही पाळी येऊ शकते. एका बालनाट्याच्या संगीताच्या वेळी आमच्यावर आली. वादक मूळचे पेटीवाले, हात मुरलेला. दोन अंतऱ्यांमधली जागा भरायला त्यांनी आयत्या वेळी असा तुकडा वाजवला, की तबलजींनी तिथल्या तिथे दाद दिली. लॅपटॉपवर मात्र त्यातला एक स्वरही उतरला नव्हता. त्यांनी पुन्हा वाजवलं, छानच वाजवलं, पण तो तुकडा काही पुन्हा आला नाही.

कारण मागाहून सापडलं. लॅपटॉपवर आणखी एक संगीताचं सॉफ्टवेअर उघडं होतं आणि की-बोर्डचं पोर्ट त्याने धरून ठेवलं होतं. विंडोजवर अनेक वर्षं साधारणपणे एक मिडी पोर्ट एका वेळी एकाच सॉफ्टवेअरच्या ताब्यात राहत आलं आहे. तसं असेल तर दुसऱ्याला ते मिळतच नाही. मॅकवर ही अडचण सहसा येत नाही. पण यंत्र कोणतंही असो, रेकॉर्डिंगच्या आधी लागणार नाही ते सगळं बंद करावं, ब्राउझरसुद्धा.

आपली फसगत होते ती आवाजामुळे. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिंथेसायझरांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मिडी आलं, आणि त्याच्या तारेतून आवाज जातच नाही. कोणता स्वर दाबला, किती जोरात, कधी सोडला, सोळापैकी कोणत्या चॅनेलवर, असा निरोप तेवढा जातो. आपल्याला ऐकू येतो तो की-बोर्डच्या स्वतःच्या स्पीकरचा आवाज. त्यावरून नोंद होते आहे असं धरून चालू नका. उलटही घडतं: निरोप व्यवस्थित पोचतो, पण ट्रॅकवर वाद्यच निवडलेलं नसतं, म्हणून सगळं शांत, आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो.

म्हणून सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्याच्या भानगडीत आधीच पडू नका. बोटापासून पडद्यापर्यंत एकेक कडी तपासत जा.

पहिली कडी केबलची. काही यूएसबी केबली फक्त चार्जिंगच्या असतात. की-बोर्डचा दिवा लागतो, पण माहिती जात नाही. जुन्या पाच पिनांच्या सॉकेटमध्ये की-बोर्डचं ‘आउट’ पुढच्या यंत्राच्या ‘इन’ला जायला हवं. यूएसबीला जोडायच्या तयार मिडी केबलींवर इन-आउट लिहिण्याची पद्धत सगळ्यांची सारखी नसते, तेव्हा चालत नसेल तर दोन्ही टोकं अदलाबदल करून बघा. मध्ये हब असेल तर तो काढून थेट जोडा. की-बोर्ड आधी चालू करा, सॉफ्टवेअर नंतर उघडा.

दुसरी कडी निरोपाची. विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर मिडी मॉनिटर ही साधी साधनं येणारा प्रत्येक निरोप पडद्यावर दाखवतात. मधला ‘सी’ दाबा. ओळ उमटते: नोट ऑन, ६०, आणि पुढे दाबाचा आकडा, १ ते १२७ मधला. बोट उचललं की दुसरी ओळ येते, नोट ऑफ. काही की-बोर्ड त्याऐवजी दाब शून्य असलेला नोट ऑन पाठवतात. त्याचा अर्थही स्वर सुटला असाच. ओळी दिसल्या तर केबल आणि की-बोर्ड निर्दोष आहेत. मग हे साधन लगेच बंद करा, नाहीतर पोर्ट तेच अडवून बसू शकेल.

तिसरी कडी सॉफ्टवेअरची. सेटिंगमध्ये तुमचा की-बोर्ड इनपुट म्हणून चालू केलेला आहे का, ट्रॅक रेकॉर्डसाठी तयार आहे का, चॅनेल ‘ऑल’वर आहे का, वाद्य निवडलेलं आहे का, एवढं पाहा. म्युझस्कोअरसारख्या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी गंमत असते. तिथे संगणकावर ‘एन’ दाबून आधी लेखन सुरू करावं लागतं, आणि नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक स्वराची लांबी आपणच निवडायची असते. सरळ वाजवत गेलात तर लय उतरणार नाही, आणि तो बिघाड नव्हे.

नोंद होऊ लागली तरी आपल्याकडच्या वादकांच्या काही खास अडचणी उरतात. पट्टी बदलायला सर्रास ट्रान्सपोज वापरलं जातं. अनेक की-बोर्डांवर त्यामुळे बाहेर जाणारे स्वरही सरकतात, काहींवर सरकत नाहीत. त्यामुळे ऐकलेली पट्टी एक आणि नोंदलेली दुसरी असं होतं. एक स्वर वाजवून आधीच पडताळा. की-बोर्डची ‘स्टाईल’, म्हणजे आपोआप वाजणारी साथ, बंद ठेवा, नाहीतर तिचे ढोल आणि बेसही ट्रॅकवर येऊन बसू शकतात. स्वर दुहेरी ऐकू आले तर की-बोर्डचं ‘लोकल कंट्रोल’ बंद करा.

पेटीत जोर भात्याचा असतो, बोटांचा नसतो. पेटीवाल्याचा हात पट्टीवर हलका पडतो, दाबाचा आकडा खालीच राहतो आणि पियानो मुका वाटतो. त्यांना जोरात वाजवायला सांगू नका. की-बोर्डची ‘टच’ किंवा ‘व्हेलॉसिटी’ची सेटिंग हलक्या हाताची करा.

बोट आणि सूर यांच्यात अंतर जाणवत असेल तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधला ‘बफर’ कमी करा. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १०२४ चा बफर सुमारे २३ मिलिसेकंद खातो, २५६ चा जेमतेम सहा. बफर फार खाली नेला तर आवाज तुटू लागतो, तेव्हा मधला आकडा शोधावा.

क्वांटाइझ, म्हणजे स्वर मात्रांच्या रेघेवर आपोआप बसवणं, जपून वापरा. रूपक असेल तर आधी सात मात्रांचं माप लावा, मग क्लिकवर वाजवा. सगळे स्वर रेघेला चिकटवले की दादऱ्यातला झोल निघून जातो. मूळ वाजवलेली प्रत वेगळी ठेवा आणि दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करा, तीही अर्ध्या ताकदीने.

ट्रॅक कोरा राहिलाच तर घाईने काही बंद करू नका. क्यूबेस, लॉजिक, एबल्टन लाइव्ह यांत रेकॉर्डचं बटण न दाबता नुकतंच वाजवलेलं परत मिळवण्याची सोय आहे; मात्र निरोप सॉफ्टवेअरपर्यंत पोचलेला हवा. तो पोचलाच नसेल तर काहीही परत येत नाही. म्हणून मोबाइलवर साधं ध्वनिमुद्रण बाजूला चालू ठेवा. निदान तुकडा कानाने उतरवून घेता येतो.

वादकाला बसवण्याआधी स्वतः चार स्वर वाजवा, थांबा, ट्रॅकवर ते दिसतात का बघा, परत ऐका आणि फाइल सेव्ह करा. या चाचणीला मिनिटही लागत नाही. सुचलेली जागा वादक एकदाच देतो. ती टिपायची जबाबदारी आपली आहे.