किडीची वाट अडव

बाबू, घरामागच्या सांदवाडीतल्या झाडावर कीड दिसली, की लगेच औषधाची बाटली आणायला धावू नको. प्रत्येक किडीची यायची वाट आणि वेळ ठरलेली असते. ती ओळखून आधीच अडवायची.

दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आटोपून धान घरात आलं, की पहिल्यांदा आंब्याचा बुंधा बघ. पिठ्या ढेकणाची अंडी मातीत असतात; डिसेंबर-जानेवारीत पिल्लं खोडावरून वर चढतात. त्याआधीच जमिनीपासून हातभर उंचीवर वीतभर रुंद प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांध. सालीच्या फटी चिखलानं लिंप, पट्टीवर ग्रीस लाव. फांदी भिंतीला टेकत असेल तर छाट, नाहीतर पिल्लं तिकडून चढतील. एप्रिल-मेमध्ये माद्या अंडी घालायला खाली उतरतात. म्हणून उन्हाळ्यात बुंध्याभोवतीची माती खणून उन्हात तापू दे.

पेरूवर फळमाशीचा जोर पावसाळ्यात असतो. गळालेलं फळ उकिरड्यावर फेकलंस, तर आतली अळी मातीत शिरून कोष करते आणि माशी होऊन परत येते. म्हणून पडलेली फळं रोज वेच आणि 2 फूट खोल पूर. झाडाखाली कोंबड्या सोड, त्या माती उकरून कोष टिपतात. झाडावरची फळं लिंबाएवढी झाली, की जुन्या धोतराच्या पिशव्या बांध. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळाही टांग. पण त्यात नुसते नर अडकतात. तेव्हा सापळा लावला म्हणून फळं वेचायचा कंटाळा करू नको.

लिंबाच्या कोवळ्या पालवीवर पाखराच्या विष्ठेसारखं काही दिसलं, तर ती फुलपाखराची अळी समज. हातानं वेच आणि साबणाच्या पाण्यात टाक. घरची दोन झाडं असली, तर फवारणीची गरजच पडत नाही.

फवारायचंच असेल, तर जून-जुलैत पडणाऱ्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेव. 1 लिटर पाण्याला 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजव, गाळ, चिमूटभर साबण घाल आणि संध्याकाळी फवार. उन्हात तिचा गुण लवकर उतरतो. अर्क त्याच दिवशी संपव, आणि उमललेल्या मोहोरावर मारू नको. तिथे मधमाश्या काम करतात.

पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या चावतात खऱ्या, पण अळ्याही खातात. चीनमधले बागायतदार हजार वर्षांहून जास्त काळ त्या संत्र्याच्या झाडांवर सोडत आलेत. मात्र या मुंग्या गोड चिकटा सोडणाऱ्या किडी पाळतात. अशी माखलेली फांदी तेवढी काप. आणि पिठ्यावर ढालकिडे बसलेले दिसले, तर निंबोळीचा पंपही खाली ठेव. त्यांची पोटं भरू दे, तुझं काम आपसूक होईल.