बिलात भाव चुकला, कारण फाइल जुनीच राहिली

सॉफ्टवेअरच्या धंद्यात शिरू पाहणाऱ्या तरुणांना क्लासमध्ये सी किंवा सी++ भाषा शिकविली जाते. पण अनेक फाइलींचा प्रोग्रॅम बांधायचा कसा, हे फारसे शिकविले जात नाही. क्लासमधला प्रोग्रॅम एका फाइलीचा असतो, एक आज्ञा दिली की काम झाले. व्यापाऱ्याला विकायचा प्रोग्रॅम एका फाइलीत मावत नाही. मग तेथे अशी एक चूक शिरते की जी कंपाइलर दाखवीत नाही, लिंकर दाखवीत नाही. ती दाखवितो गिऱ्हाईक.

उदाहरणासाठी घाऊक दुकानाचा बिलाचा प्रोग्रॅम घेऊ. साठा.सी ही फाइल मालाची यादी मेमरीत भरते, बिल.सी ती यादी वाचून बिल छापते. मालाची नोंद कशी असावी हे माल.एच या हेडर फाइलीत एकदाच लिहिलेले आहे आणि दोन्ही फाइली ते हेडर वापरतात. नावाला 40 बाइट, भावाला 4, नगांना 4, एकूण 48. कंपाइलर प्रत्येक सोर्स फाइलीची एकेक ऑब्जेक्ट फाइल करतो आणि लिंकर त्या जोडून प्रोग्रॅम तयार करतो. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, मशीनच्या आज्ञांत 'भाव' हा शब्द उरत नाही. 'नोंदीच्या आरंभापासून 40 बाइट सोडून पुढचा आकडा घे' एवढेच तेथे असते.

2017 साली जीएसटी आला तेव्हा प्रत्येक मालापुढे कराचा दर लिहिणे भाग पडले. समजा, प्रोग्रॅमरने हेडरमध्ये नाव आणि भाव यांच्यामध्ये 4 बाइटांचा दर घातला, साठा.सीमध्ये तो भरण्याची सोय केली आणि तेवढीच फाइल पुन्हा कंपाइल केली. बिल.सीमध्ये एक अक्षरही बदललेले नव्हते, म्हणून तिची जुनी ऑब्जेक्ट फाइल तशीच जोडली. लिंकर फंक्शनांची नावे जुळतात की नाही हे पाहतो. नोंदीची आखणी तो तपासत नाही. प्रोग्रॅम विनातक्रार तयार झाला. आता 250 रुपयांचा, 18 टक्के दराचा माल बिलात काय दिसेल? भाव 18 आणि नग 250! दुसऱ्या मालापासून तर नावेही बिघडतात, कारण नवी नोंद 52 बाइटांची आहे आणि बिलाची फाइल अजून 48 बाइटांनीच पुढे सरकते. प्रोग्रॅमर बिचारा बिल.सी उघडून ओळ न् ओळ तपासतो. तिच्यात दोष असेल तर सापडेल ना!

हे दुखणे जुने आहे. 1976 साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन हे नामांकित प्रोग्रॅमर आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत तणतणत आले. दुरुस्ती केलेली फाइल कंपाइल करायची राहून गेल्याने, बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये दोष शोधण्यात त्यांची सकाळ वाया गेली होती. फेल्डमन यांनाही आदल्याच संध्याकाळी हाच अनुभव आला होता. त्या बोलण्यातून 'मेक' हे साधन जन्मले. पुढे 2003 सालचा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार त्यासाठी फेल्डमन यांना मिळाला.

मेकची रीत साधी आहे. मेकफाइल नावाच्या फाइलीत कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे ते लिहायचे:

बिल.ओ : बिल.सी माल.एच
        जीसीसी -सी बिल.सी

डावीकडची फाइल अस्तित्वात नसेल, किंवा उजवीकडच्या एखाद्या फाइलीपेक्षा जुनी असेल, तर खालची आज्ञा चालवायची. नाहीतर सोडून द्यायचे. आज्ञेच्या आधीची मोकळी जागा टॅबचीच हवी, स्पेस दिल्यास मेक अडून बसते. फेल्डमन यांनी सुरुवातीला सोय म्हणून टॅब ठेवला. काही आठवड्यांत डझनभर लोक मेक वापरू लागले, त्यांची पंचाईत नको म्हणून तो तसाच राहिला आणि आजही नवशिक्यांना छळतो आहे.

परंतु मेक केवळ फाइलींच्या तारखा आणि वेळा पाहते. वरच्या ओळीतून 'माल.एच' हा शब्द राहून गेला तर ती बिलाची फाइल ताजी आहे असेच मानील. यादी हाताने लिहिली तर असा शब्द कधी ना कधी राहतोच, कारण एक हेडर दुसऱ्या हेडरला बोलावते, दुसरे तिसऱ्याला. म्हणून आमच्या मते ही यादी माणसाने लिहूच नये. कोणती हेडर उघडली हे कंपाइलरला पक्के ठाऊक असते. जीसीसीला -एमएमडी हा पर्याय दिला (रोमन मोठ्या अक्षरांत) की तो ऑब्जेक्ट फाइलीबरोबर .डी नावाची छोटी फाइलही लिहितो आणि तीत सिस्टिमची हेडर सोडून बाकी सारी यादी असते. सोबत -एमपी द्यावे, म्हणजे पुढे एखादे हेडर काढून टाकले तरी मेक अडत नाही. मेकफाइलच्या शेवटी -इन्क्लूड या ओळीने या .डी फाइली ओढून घ्यायच्या. पहिल्या वेळी त्या नसतात, पण तेव्हा ऑब्जेक्ट फाइलीही नसल्याने सारेच कंपाइल होते. पुढे नवे हेडर जोडायचे तर कोणती तरी फाइल बदलावीच लागते. ती बदलली की तिच्यावर अवलंबून असलेले सारे पुन्हा कंपाइल होते आणि यादीही नवी होते.

आपली मेकफाइल खरी की खोटी, हे पाहायला एक मिनिट लागते. आधी मेक चालवून सर्व ताजे करून घ्या. मग टच या आज्ञेने माल.एचची वेळ आताची करा आणि 'मेक -एन' म्हणा. मेक काहीही न करता, काय केले असते तेवढे सांगते. त्या यादीत बिल.सी आली नाही तर तुमच्या बिलाचे भवितव्य वर सांगितलेच आहे. 'मेक -जे4' म्हणजे चार कामे एकदम चालवूनही पाहावे. एकामागोमाग एक चालताना योगायोगाने जमून जाणाऱ्या कित्येक राहिलेल्या नोंदी तेव्हा उघड्या पडतात.

दोन ठिकाणी मात्र .डी फाइलीही कामी येत नाहीत. कंपाइलरला द्यायचे पर्याय बदलले तर कोणतीच सोर्स फाइल बदलत नाही. ते पर्याय मेकफाइलमध्येच लिहावेत आणि प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल मेकफाइलवरही अवलंबून ठेवावी. दुसरे ठिकाण बॅकअपचे. परत आणलेली सोर्स फाइल आपली जुनी तारीख घेऊन आली, तर मेकच्या लेखी ती ऑब्जेक्ट फाइलीपेक्षा जुनीच ठरते आणि तिला हात लागत नाही. अशा वेळी, तसेच गिऱ्हाइकाकडे प्रोग्रॅम पाठविण्यापूर्वी, साऱ्या ऑब्जेक्ट फाइली पुसून सर्व पुन्हा कंपाइल करावे. छोट्या प्रोग्रॅमला त्यासाठी चहा येईपर्यंतचाही वेळ लागत नाही.