टॅपेट कव्हर चिकटले आणि ऑईल गळते

विहिरीवरचे डिझेल इंजिन असो की दारातला ट्रॅक्टर, डोक्यावरच्या झाकणाखालून ऑईल पाझरू लागले की बहुतेक जण पाना घेऊन नट आणखी आवळतात. त्याने गळती थांबत नाही, उलट वाढते. मिस्त्री लोक या झाकणाला टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्या कडेखाली बुचाचे किंवा रबराचे पॅकिंग असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होते, त्याला चिरा पडतात. कडक झालेले पॅकिंग आवळून पुन्हा मऊ कसे होणार?

गळती थोडी म्हणून सोडू नये. दर दोन सेकंदांना एक थेंब पडत असेल तर ८ तासांत १४,४०० थेंब होतात, म्हणजे सुमारे अर्धा लिटर. विहिरीवर सर्रास दिसणारे किर्लोस्करचे ए. व्ही. १ इंजिन ५ अश्वशक्तीचे, एकाच सिलिंडरचे असते व मिनिटाला १,५०० फेरे घेते. ऐन गव्हाच्या पाण्याच्या पाळीत त्यातले ऑईल कमी झाले तर ते जाम होते. शिवाय तापलेल्या सायलेन्सरवर ऑईल पडत असेल आणि शेजारी कडब्याची गंजी असेल, तर पुढचे सांगायला नको.

कव्हर खोलण्यापूर्वी ब्रीदर पाहावा. इंजिनाच्या पोटात साठणारी हवा व धूर बाहेर जाण्याची ती वाट आहे. ती काजळीने तुंबली की आतला दाब ऑईलला जागा मिळेल तिथून बाहेर ढकलतो. मग नवे पॅकिंगही आठवड्यात गळते. ब्रीदर साफ असूनही त्यातून धुराचे जोरदार भपके येत असतील, तर दोष बहुधा पिस्टनच्या रिंगांचा आहे, तिथे पॅकिंग बदलून भागणार नाही.

आता खोलण्याचे काम. इंजिन थंड होऊ द्या, पण अगदी गार नको. कोमट असताना जुने पॅकिंग लवकर सुटते. बाहेरचा चिखल-ऑईल डिझेलच्या ब्रशने धुऊन घ्या, नाहीतर तीच माती आत पडेल. सगळे नट काढूनही कव्हर हलत नसेल तर आधी हाताने चाचपा, मळाखाली एखादा नट हमखास राहिलेला असतो. तो नसेल तर लाकडाचा ठोकळा बाजूला लावून चारी अंगांनी हलके ठोके द्या. पातळ, बोथट पट्टी कोपऱ्यातून सरकवून पॅकिंग कापत न्यावे. स्क्रू-ड्रायव्हर घुसवून उचकटू नये. पत्र्याचे कव्हर वाकते, अ‍ॅल्युमिनियमचे तडकते, आणि हेडच्या कडेवर ओरखडा पडला की गळती कायमची झाली.

कव्हर निघताच आतल्या भोकांवर स्वच्छ फडके घाला. जुने पॅकिंग खरवडताना तुकडे आत जाता कामा नयेत. पॉलिश पेपर तर मुळीच वापरू नये, त्याची रेती बेअरिंग खाते. राखाडी रंगाचे जुने पॅकिंग अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकते. ते कोरडे खरवडू नका, ऑईलने भिजवून काढा, कारण त्याची धूळ फुप्फुसात बसते. पत्र्याच्या कव्हरची कड सपाट फळीवर ठेवून पाहा. आवळून आवळून भोकांभोवती खोलगट झालेली असते, ती हलक्या हातोडीने सरळ करावी.

सामानासाठी हैदराबादला जाणारे आपले लोक अफझलगंजात जातातच. पाचवे निजाम अफझल-उद्-दौला यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर हा बाजार वसला. त्यांचेच नाव त्याला आहे. महात्मा गांधी बसस्थानकापासून तो पायी जाण्याजोगा आहे. जाताना जुने पॅकिंग तुकडे झाले असले तरी बरोबर न्या आणि इंजिनाच्या पट्टीवरील मॉडेल व नंबर लिहून न्या. ‘पाच हॉर्सपॉवरचे द्या’ एवढ्याने भागत नाही. बुचाचे पॅकिंग घेताना किंचित वाकवून पाहा. कडकडले तर दुकानात पडून वाळलेले आहे, घेऊ नका.

बसवताना चिकटवण्याचा लेप फक्त कव्हरच्या बाजूला, तोही पातळ लावा. हेडची बाजू कोरडी ठेवली तर पुढच्या वेळी कव्हर सहज निघेल. नट एकेक करून पूर्ण न आवळता, आळीपाळीने थोडे थोडे, आखूड पान्याने आवळावेत. इंजिन १५ मिनिटे चालवून बंद करा, निवले की पुन्हा हलकेच तपासा.

हात पेट्रोल-डिझेलने धुऊ नयेत, कातडी कोरडी पडून फुटते. आधी गोडे तेल चोळून भुशाने पुसावे, मग साबण लावावा. जळके ऑईल वारंवार अंगाला लागणे वाईटच. उंदरांवरील प्रयोगांत त्याने कातडीचा कर्करोग झालेला आढळला आहे. ऑईलने माखलेली चिंधी खिशात ठेवायची सवय अनेकांना असते, ती सोडावी. आणि जळके ऑईल विहिरीच्या काठावर ओतू नये. डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावे.